मॅडमचं चिन्ह गाळणी

निमगाव केतकीच्या बाजारतळामागे, बाभळींच्या आडोशाला, सहा बाय दहाची एक दगडी खोली आहे. दारावर पूर्वी बाईचं चित्र होतं, आता त्यातला नुसता अंबाडा उरला आहे. ह्या खोलीत आजवर कांदा राहिला, पंचायतीचा मोडका लाउडस्पीकर राहिला, दोन उन्हाळे पेंडीची पोती राहिली, आणि सध्या गेणबाच्या शेळ्या राहतात. जे काम व्हावं म्हणून ती बांधली, तेवढं सोडून तिथे सगळं झालं. गावात तिला कुणी शौचालय म्हणत नाही. तिला ‘मॅडमचं’ म्हणतात. “शेरडं कुठं बांधलीस रं?” “मॅडमच्यात.”

ह्या मॅडम म्हणजे डॉक्टर स्वरूपा रणवरे, समाजशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, मुक्काम बारामती, वय साठ. नावावर एक पीएचडी, अकरा शोधनिबंध आणि ही खोली. शोधनिबंध कुणी वाचले नाहीत. खोलीचं नाव मात्र गेणबा रोज दोनदा घेतो.

त्याचं असं झालं. स्वरूपाचं माहेर इंदापूरचं. पुण्यात एम.ए. करून ती नगररचनेच्या एका प्रकल्पात नोकरीला लागली, तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. बाजाराच्या गावांचे आराखडे करायचे होते. ऑफिसात नऊ इंजिनिअर आणि ही एकटी समाजशास्त्रवाली. इंजिनिअरांना रस्ता कळे, गटार कळे, ही बाई कशासाठी घेतली आहे ते कळत नसे. शेवटी साहेबांनीच मार्ग काढला. “तुम्ही असं करा, गावोगावच्या बायकांना काय हवंय ते विचारून या. आम्ही तोवर काम करतो.”

तिने जीव ओतून प्रश्नावली केली. एकोणीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे तीन चौकोन: होय, नाही, सांगता येत नाही. ह्या तिसऱ्या चौकोनाचा तिला फार राग. धडधाकट माणसाला स्वतःचं मत सांगता येत नाही म्हणजे काय? कुणी तिसऱ्या चौकोनाकडे वळायला लागलं की ती पेन वर धरून उंबऱ्यात उभी राही. समोरचा कंटाळून होय नाहीतर नाही म्हणून टाकी.

सतरावा प्रश्न होता, बाजारात बायकांसाठी शौचालय हवं का, आणि हवं असेल तर कुठे. निमगावातल्या दोनशे बारा घरांत बहुतेक ठिकाणी सासरा नाहीतर दीर शेजारीच बसलेला. बाई आधी त्याच्याकडे बघायची आणि मग म्हणायची, “गरज न्हाय.” सोळा जणींनी धीर करून होय म्हटलं. जागा विचारली तर सोळाही जणी म्हणाल्या, “लांब. कुणाला दिसणार न्हाय असं.”

स्वरूपाने ते शब्दशः ऐकलं. बाजारतळामागची जागा नकाशावर लाल पेन्सिलीने दाखवली, इंजिनिअरांनी बांधून टाकलं. ते खरोखरच कुणाला दिसत नव्हतं. पण इतकं आडबाजूला झालं की तिकडे जाणारी पायवाट त्या एकाच कामाची उरली, आणि ती पायवाट चहाच्या टपरीसमोरून, न्हाव्याच्या दुकानावरून जात होती. एखादी बाई त्या वाटेला लागली की खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा मान वळवून बघे. पहिल्या महिन्यात दोघी जणी गेल्या. त्यातली एक परगावची होती, तिला माहीत नव्हतं.

त्याच पाहणीत स्टँडजवळच्या एका घरी धोंडाबाई नावाच्या बाईंनी सतराव्या प्रश्नाला फटकन उत्तर दिलं होतं. शेजारी सासरा नाही, दीर नाही, तरी म्हणाल्या, “अजिबात गरज न्हाय.” आणि लगेच विचारलं, “तुजं लगीन झालंय का?” स्वरूपाने सरळ उत्तर दिलं. चार महिन्यांनी ती धोंडाबाईंची सून झाली. तिचे यजमान मोहनराव बारामती एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात फॅट तपासायचे. ते आजही पाहुण्यांना सांगतात, “त्या सगळ्या पाहणीतनं गावाला काय मिळालं नाही. मला ही मिळाली.”

प्रकल्प संपला, नोकरी संपली. मग बारामतीत कॉलेज, अठ्ठावीस वर्षं. दर वर्षी ‘प्रश्नावलीची रचना’ ह्या धड्याला ती सदोष प्रश्नाचं उदाहरण म्हणून तो सतरावा प्रश्न फळ्यावर लिही. कुणाचा ते सांगत नसे. गाव ‘अ’, संशोधक ‘ब’. एका वर्षी मागच्या बाकावरची सोनल नावाची मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, आमच्या गावात आहे हे. मॅडमचंच ना?” वर्ग हसला. स्वरूपाने फळा पुसला आणि त्या वर्षी परीक्षेत तो धडा वगळला.

निवृत्त झाल्यावर तिला तालुक्याच्या एका सल्लागार समितीवर घेतलं. बाजाराच्या गावांच्या सोयी बघायच्या. दर महिन्याला इंदापुरात बैठक: चहा, बिस्किट, पुढची तारीख. बारामतीहून एसटीने जाताना निमगाव लागे. निमगाव आलं की स्वरूपा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागे, ते गाव मागे पडेपर्यंत.

आणि ह्या जानेवारीत समितीसमोर विषय आला: निमगाव केतकीत बायकांसाठी नवीन शौचालय. मंजुरी होती. फक्त जागेचा ठराव सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत व्हायला हवा होता. नाही झाला तर ते दुसऱ्या गावाला जाणार. स्वरूपाची समितीवरची मुदत मार्चअखेर संपत होती. म्हणजे आयुष्यात दुसरी खोली बांधायची ही एकच संधी. नाहीतर तिच्या मागे राहणार होत्या त्या शेळ्या.

“ह्या वेळी मी फॉर्म नेणार नाही,” तिने जेवताना जाहीर केलं.

“मग काय नेणार?” मोहनरावांनी विचारलं.

“हळदीकुंकू करणार. आत्यांच्या घरी, बाजाराच्या दिवशी. बायका दारात उभ्या राहून खरं बोलत नाहीत. हळदीकुंकवाला बसल्या की बोलतात. पुरुष नसतात, घाई नसते. ह्याला सहभागी निरीक्षण म्हणतात.”

“आम्ही ह्याला संक्रांत म्हणतो. वाण काय देणार?”

“गाळणी. चहाची. स्टीलची, दीडशे.”

“कपबशी दे. गाळणी काय देण्यासारखी वस्तू आहे? बायका हसतील.”

“कपबशा एसटीत फुटतील,” स्वरूपा म्हणाली, आणि विषय संपला.

धोंडाबाईंचं घर स्टँड आणि बाजारतळ ह्यांच्या बरोबर मधे. स्लॅबचं, चार खोल्यांचं, पुढे ओटा. पंचाऐंशी वर्षांच्या धोंडाबाई दिवसभर त्या ओट्यावर बसून असतात. मुलाकडे बारामतीला राहायला या म्हटलं की म्हणतात, “तितं मला कोण वळखतंय?” हळदीकुंकवाची कल्पना त्यांना पसंत पडली. शौचालयाचा विषय निघाला तेव्हा मात्र त्या तोंड फिरवून म्हणाल्या, “गरज न्हाय,” आणि तीळ निवडायला लागल्या. स्वरूपाला वाटलं, जुन्या वळणाची बाई, लाजते.

बाजाराच्या दिवशी दुपारी दोनपासून बायका यायला लागल्या. स्वरूपाने सगळ्यांना बोलावलं होतं. सवाष्णी, विधवा, बिनलग्नाच्या, बाजारात भाजी विकायला आलेल्या, शेजारच्या वाड्यावस्त्यांवरच्या. तिचं ते तत्त्वच होतं. ओट्यावर, पडवीत, जिन्यावर पातळंच पातळं. स्वरूपा एकेकीला कुंकू लावी, तिळगूळ देई, हातात गाळणी देई आणि मोकळा प्रश्न विचारी, “काय म्हणतंय गाव? काही अडचण?” मोकळ्या प्रश्नाला मोकळं उत्तर मिळतं, हे तिने अठ्ठावीस वर्षं शिकवलं होतं.

मिळालंही. पहिलीच बाई म्हणाली, “आमच्या गल्लीत खांब हाय, पर दिवा न्हाय.” दुसरी म्हणाली, “पाणी एक दिवसाआड येतंय, त्ये बी पाहटं चारला.” तिसरीच्या दारात गटार तुंबलेलं. चौथीच्या मुलाला एमआयडीसीत चिकटवायचं होतं. शौचालयाचं कुणी नावही काढेना. स्वरूपा वाट बघत होती. विश्वास बसायला वेळ लागतो, हेही ती शिकवत असे.

शेजारची कुशाबाई गाळणी उलटीसुलटी करून बघत होती. “म्हंजे गाळणीच ठरली का?”

“हो,” स्वरूपा म्हणाली. “हे कपबशी म्हणत होते. मला गाळणी बरी वाटली.”

“बराबर हाय,” कुशाबाई गंभीरपणे म्हणाली. “कपबशी लई झाल्या.” आणि शेजारणीच्या कानाशी लागली. शेजारीण तिच्या शेजारणीच्या कानाशी लागली. ती कुजबूज जिन्यापर्यंत जाऊन परत आली, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईने स्वरूपाचा हात जरा जास्तच वेळ दाबला.

चारच्या सुमाराला तिळगूळ संपत आला म्हणून स्वरूपा दुसरा डबा आणायला स्वयंपाकघराकडे निघाली, तर बोळात तिला पुढे जाता येईना. मागच्या अंगणापर्यंत बायकांची रांग होती. शांत, सवयीची रांग, भिंतीला खांदा टेकवून उभी असलेली. पुढची बाई परसातल्या संडासातून बाहेर आली, रांजणापाशी हात धुतले, पदराला पुसले आणि पुढच्या दाराकडे गेली. रांग एक पाऊल सरकली. बाजाराचा दिवस कॉलेजचा, म्हणून स्वरूपा त्या दिवशी ह्या घरी कधी आलीच नव्हती.

“तुमी व्हा फुडं,” मागची म्हणाली.

“मी डबा आणायला चाललेय,” स्वरूपा म्हणाली. रांगेत भाजीवाली तानूबाई होती, दोन्ही दंडांवर कोथिंबिरीची पानं चिकटलेली. “तुम्ही पहिल्यांदाच आलात का हो ह्या घरी?”

“पयल्यांदा?” तानूबाई हसली. “पंचवीस वर्सं झाली. दर बाजाराला येतीया. धोंडामावशींच्या गुडघ्याची चवकशी कराया.”

“आणि तुम्ही?” तिने पुढच्या बाईला विचारलं.

“गुडघ्याचीच.”

“मी बी,” तिच्या पुढची म्हणाली.

धोंडाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी बारामतीत झालं होतं. त्या आता शेंगांच्या पोत्यावर चढून माळ्यावरची परडी काढत. स्वरूपा डब्याचं विसरून ओट्यावर परत आली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. परसातून परतलेली प्रत्येक बाई धोंडाबाईंच्या पुढ्यात टेकत होती. “कसं हाय मावशी गुडघ्याचं?” “चाललंय बाई.” मग पदराखालून कोथिंबिरीची जुडी, चार वांगी, मूठभर हरभरा ओट्यावर ठेवायचा, आणि ज्या त्या गावची बातमी सांगायची. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाचं म्हातारं जायला टेकलंय, कुठल्या डाळिंबाला तेल्या लागलाय. धोंडाबाईंच्या उजव्या हाताला भाजीचा ढीग झाला होता. स्वरूपा दर महिन्याला फोनवर सासूबाईंना भाजी पुरते का म्हणून विचारत असे. त्या नुसत्या हसत.

पाच वाजता गर्दी ओसरली. मोहनराव टपरीवरून चहा घेऊन परत आले, ते उंबऱ्यातच थांबले.

“अभिनंदन,” ते म्हणाले.

“कशाबद्दल?”

“तू पंचायतीच्या निवडणुकीला उभी आहेस. आपली नावं अजून इथल्याच मतदारयादीत आहेत ना. टपरीवर सगळ्यांना माहीत आहे, मला एकट्यालाच नव्हतं. नवरा म्हणून जरा वाईट वाटलं.”

“काहीतरीच.”

“दीडशे बायकांना वाण दिलंस, तेही निवडणूक तोंडावर असताना. आणि सगळ्यांना बोलावलंस. लोक म्हणतात, हळदीकुंकवाला फक्त सवाष्णींना बोलावलं असतं तर धार्मिक कार्यक्रम. सगळ्यांना बोलावलं म्हणजे मतासाठीच. चिन्हसुद्धा जाहीर झालंय. गाळणी.”

स्वरूपा खाली बसली. दिवा, पाणी, गटार, मुलाची नोकरी, सगळ्या उत्तरांचा अर्थ तिला एकदम कळला. उमेदवाराला जे मागतात तेच बायकांनी मागितलं होतं. शौचालय उमेदवाराकडे कोण मागणार? आयुष्यातली दुसरी पाहणीही पाण्यात गेली होती, आणि ग्रामसभा पाच दिवसांवर होती. मग तिला बोळातली रांग आठवली.

“आत्या,” ती म्हणाली, “तेव्हा मी विचारलं होतं, शौचालयाची गरज आहे का. तुम्ही नाही म्हणालात.”

“न्हवतीच गरज,” धोंडाबाई वांगी पाटीत भरत म्हणाल्या. “मी हुते की.”

“मग आता?”

“आता बी हाय मी.”

“आत्या, रांग अंगणापर्यंत होती. म्हाताऱ्या बायका भिंत धरून उभ्या होत्या.”

धोंडाबाईंचा हात थांबला. हातातलं वांगं त्यांनी परत ओट्यावर ठेवलं. मग म्हणाल्या, “त्ये सरकारी झालं की समद्या तिकडं जातील. मग माज्या गुडघ्याला कोण इचारणार?”

मोहनराव काहीतरी गमतीचं बोलणार होते. स्वरूपाने त्यांचा चहा बशीत ओतून त्यांच्या हातात दिला.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. सर्जेराव आले होते. गावचे पुढारी, मागची पंधरा वर्षं पंचायत त्यांच्याच हातात. ह्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं म्हणून त्यांची बायको उत्कर्षा उभी राहणार होती, म्हणजे फोटोत ती आणि बाकी सगळीकडे सर्जेराव. नवीन शौचालय आपल्या दुकानगाळ्यांशेजारी व्हावं, म्हणजे गाळ्यांकडे वर्दळ वाढेल, असा त्यांचा विचार गावाला पाठ होता. हातात पेढ्यांचा पुडा होता.

“नमस्कार मॅडम. मावशी, कसं हाय गुडघ्याचं?”

“तू कशाला इचारतोस?” धोंडाबाई म्हणाल्या. “तुला काय जायाचं हाय का परसात?”

सर्जेरावांना ते कळलं नाही. ते खुर्चीच्या कडेला बसले. “मॅडम, आपण शिकलेल्या. आमाला आदरच हाय. पर एक कानावर आलं. चिन्हांची यादी बघितली मी, कपबशी हाय, शिट्टी हाय, गाळणी न्हाय. तरी म्हटलं इचारावं. तुमी अर्ज भरताय का?”

स्वरूपाने ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. तीस-पस्तीस वर्षं तिने जगाकडून सरळ उत्तर मागितलं होतं. उंबऱ्यात पेन वर धरून उभी राहिली होती. मग तिची नजर ओट्यावरच्या कोथिंबिरीवर गेली. ‘नाही’ म्हटलं तर सर्जेराव पेढे ठेवून घरी जाणार आणि सव्वीस तारखेला गाळ्यांशेजारची जागा ठरवणार. ‘होय’ म्हटलं तर खोटं. आणि मग तिला जन्मात पहिल्यांदा तो तिसरा चौकोन आपुलकीचा वाटला.

“सांगता येत नाही,” ती म्हणाली.

मोहनरावांच्या बशीतला चहा सांडला.

सर्जेराव खुर्चीवर आणखी पुढे सरकले. होय म्हणणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते त्यांना ठाऊक होतं, नाही म्हणणाऱ्याशीही. “म्हंजे अजून इचार चाललाय.”

“दीडशे बायका येऊन गेल्या,” धोंडाबाई मधेच म्हणाल्या. “समद्या हात दाबून गेल्या.”

“आमी काय ऐकायला तयार न्हाय असं न्हाय,” सर्जेराव म्हणाले. “मॅडमची काय अपेक्षा?”

“माझी काही अपेक्षा नाही,” स्वरूपा म्हणाली. आवाज तिने बैठकीतल्यासारखा ठेवला. “शौचालयाच्या जागेचा ठराव तेवढा व्हावा. आमच्या ह्या भिंतीला लागून गावठाणाचा तुकडा आहे, पंचायतीचा गंजका टँकर उभा आहे तो. स्टँडवरनं येणारीला वाटेत, बाजारातनं येणारीला वाटेत. आणि इकडे येणारी बाई कुठे चाललीय ते टपरीवरच्यांना कळत नाही. तिला वाटेत ओटा आहे.”

“हितं? पर आमच्या गाळ्यांजवळ प्रशस्त जागा...”

“सर्जा,” धोंडाबाई म्हणाल्या, “तुजी उत्कर्षा दर बाजाराला माजा गुडघा बघाया येती. आज बी आलती. तुज्या गाळ्यांजवळ का जात न्हाय, तिला इचार.”

सर्जेरावांनी हातातला पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. “ती तर म्हणती, मावशींच्या पायाला रग लागतीया,” ते हळूच म्हणाले. मग एकदम उठले. “ठीक हाय. ठराव मी मांडतो. मातर मॅडम, गाळण्या वाटायच्या बंद.”

“शिल्लकच नाहीत,” स्वरूपा म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं.

ते गेल्यावर तिने सासूकडे बघितलं. “आत्या, जागा तुम्हाला चालेल ना? आधी विचारायला हवं होतं.”

“आदी इचारलं असतंस तर मी गरज न्हाय म्हणले असते,” धोंडाबाई म्हणाल्या. “किल्ली कुणाकडं ऱ्हाणार?”

किल्लीचा विचार स्वरूपाने केलाच नव्हता. नगररचनेत नाही, कॉलेजात नाही, समितीतही नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, ग्रामसभा झाली, ठराव झाला. सर्जेरावांनी जागेचं महत्त्व असं पटवून सांगितलं, की जणू ती त्यांनीच शोधली. मोडका टँकर उचलला तेव्हा त्याखाली कुत्रीची चार पिल्लं निघाली. ती गेणबाने ‘मॅडमच्यात’ नेऊन ठेवली. मार्चअखेर समितीचा अहवाल लिहिताना स्वरूपा ‘जागा निवडण्याची पद्धत’ ह्या रकान्यापाशी दोन दिवस अडली. शेवटी तिने लिहिलं, ‘स्थानिक जाणकारांशी चर्चा करून’. उत्कर्षा निवडून आली. तिच्या घरचा चहा त्याच गाळणीने गाळतात, असं कुशाबाई सांगते.

मे महिन्यात नवीन दार लागलं, नळ आला, दिवा आला. किल्ली धोंडाबाईंच्या कमरेला. बाजाराच्या दिवशी ते दिवसभर उघडं ठेवलं तरी चालेल, असं पंचायतीने त्यांना दोनदा सांगून बघितलं. त्या ऐकत नाहीत.

पहिल्या बाजाराला स्वरूपा मुद्दाम बारामतीहून आली. एसटी निमगावात शिरली तेव्हा पर्स मांडीवर बंद होती. उतरून ती तडक ओट्याशी गेली. पुढे सात बायका होत्या. तिचा नंबर आला तेव्हा तिने हात पुढे केला.

“आत्या, किल्ली द्या. तासाभराने एसटी आहे, मला घाई आहे.”

धोंडाबाईंनी पाय लांब केले, पदर सारखा केला आणि मागे उभ्या असलेल्या तानूबाईकडे एकदा बघून घेतलं.

“आदी गुडघ्याचं इचार,” त्या म्हणाल्या.